कन्सोलमधली रिकामी खोली

आमच्या नदीकाठच्या चोपडे गावात दुपारी सगळे झोपतात. नदीसुद्धा आडवी होते, असं मला लहानपणापासून वाटत आलंय. त्या आठवड्यात मात्र आई जागीच असायची, आणि तिच्यामुळे मीही.

घरामागच्या दोन खोल्या आई पाहुण्यांना देते. त्यासाठीचं वेबपेज मी केलेलं. आईनं ते फोनवर बघून सिंधुदुर्गातल्या एका कुटुंबाला तोंडी शब्द दिला. आमच्याकडे तेवढं पुरतं. ते आले, तर खोलीत आधीच ऑनलाइन बुकिंगवाले. आईनं त्यांना हॉलमध्ये झोपवलं, सकाळी उंडे, म्हणजे गोल पाव, आणि भाजी खाऊ घातली. ते गेल्यावर मला म्हणाली, "माका खोली रिकामी दिसली होती. पण आता माझ्याच डोळ्यांचो भरवसो नाय."

तिची आई म्हातारपणी लेकींची नावं विसरली होती. आई कशाला घाबरलीय ते मला कळलं.

पुढच्या बाल्कावात, दारापुढच्या बैठकीवर बसून मी तो प्रसंग ब्राउझरमध्ये पुन्हा पुन्हा घडवला. console.log ही आज्ञा कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या तपासणीच्या खिडकीत, खोल्यांची माहिती छापायची. शेजारच्या बाणावर क्लिक केलं की ती उलगडायची. दर वेळी खोली भरलेलीच. console.warn वापरून बघितलं, ओळ पिवळी झाली. console.error नं लाल झाली. नुसती रंगरंगोटी. खोली काही रिकामी होईना. नदीवरच्या वाऱ्यानं डोळे मिटू लागले.

त्या गुंगीतच उमगलं. बाण उघडला की कन्सोल आत्ताची खोली दाखवतो, छापली तेव्हाची नाही. आपल्या आठवणीही मेल्या अशाच, आजच्या रंगात उघडणाऱ्या. मग मी माहितीचा आधी साधा मजकूर करून घेतला आणि तो console.log नं छापला. ती ओळ उलगडतही नव्हती, बदलतही नव्हती. त्यात खोली रिकामी होती. पेज आधी सगळ्या खोल्या मोकळ्या दाखवायचं, बुकिंगची खबर त्याला मागाहून लागायची.

आई खाटेवर टक्क जागी बसली होती.

"तुला बरोबर दिसलं होतं," मी म्हटलं. "चूक माझ्या पेजची."

तिनं स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"म्हणजे मी बंद केलेलो गॅस बंदच आसता," ती म्हणाली.

आठवडाभर ती पुन्हा पुन्हा स्वयंपाकघरात का जात होती, ते मला तेव्हा कळलं. ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली आणि लगेच घोरू लागली.