सरांचं टर्मिनल

मी शिकलो तो कदमसरांमुळे. आज साकीनाक्याला बॅटरीच्या दुकानातून ॲसिडचा वास आला आणि गावाकडचा सातवीचा वर्ग आठवला. इंग्रजी शब्द हाताला लागला पाहिजे, म्हणून सरांनी ट्रॅक्टरची बॅटरी वर्गात आणली होती.

"हात लाव. हे टर्मिनल. विमानतळालाही टर्मिनल असतं. बघशील ना रे, बाळू?"

"सर, हा एसटीतसुद्धा ओकतो!" मागून कोणीतरी ओरडलं. सरही हसले.

आता मी अंधेरीला विमानतळावरच नोकरी करतो. परवा मुलुंडच्या डॉक्टरांनी सरांच्या बऱ्या न होणाऱ्या आजारासाठी तोच शब्द वापरला. सरांना अर्थ सांगावा लागला नाही. ते गावी परतले. तेव्हा कौतुकाने हात लावलेला शब्द आता माझ्या तोंडातून निघत नाही.

मी त्यांना एवढंच लिहून पाठवलं: "सर, रजा टाकून येतोय. धीर द्यायला मला जमणार नाही. नुसतं जवळ बसू द्या."