रातकिडे वाजत होते

खोपोलीच्या एका हौशी नाटकमंडळीला एकांकिकेसाठी रातकिडे हवे होते. खरे रेकॉर्ड करायला गेलं की मागून हायवेचे ट्रकच जास्त येतात, म्हणून काम माझ्याकडे आलं. मी साजगावच्या एका कारखान्यात पत्र्याच्या प्रेसवर असते. पण घरी लॅपटॉपवर सिंथेसायझरचं सॉफ्टवेअर आहे, आणि त्यातून वारा, हॉर्न, भुताचा दरवाजा, म्हणाल तो आवाज मी काढून देते. दिवसभर मशीनची धाडधाड सोसून आल्यावर आपल्या मनासारखा एक आवाज घडवायचा, एवढीच माझी चैन. ती कुणी हिरावली तर मी काय करीन, देव जाणे.

रविवारी दुपारी बसले. पडद्यावर गोल बटणं असतात, माऊसनं फिरवायची. एकानं सूर उंच, बारीक होतो, एकानं थरथरतो, एकानं त्याला धार येते. साधा सूर घेतला, थरथर दिली, त्याचे तुकडे पाडले. बेडूक झाला मेला! बारीक करत गेले, अजून बारीक, आणि अचानक आवाजच गेला.

हेडफोन काढून स्पीकर लावला. आवाज पूर्ण वाढवला. काही नाही. वायर हलवून पाहिली. पडद्यावरची हिरवी पट्टी मात्र वाजत असल्यासारखी उड्या मारत होती. "नाटकं करतोस होय रे?" म्हणून मी लॅपटॉपलाच झापलं.

पलीकडे सासूबाई वाल सोलत बसल्या होत्या. त्यांनी दोन्ही हात कानांवर दाबले.

"बंद कर गं ते! डोकं उठलं माजं."

"काय बंद करू? वाजतंय कुठं?"

सत्तरी ओलांडलेली बाई. मला वाटलं, यांच्याच कानात काहीतरी होतंय. नवरा बाहेर टेंपो धूत होता, त्याला हाक मारली. "अहो, जरा आत या. काही ऐकू येतंय का बघा."

तो ओल्या हातांनीच दारात आला. "रातकिडे. झकास जमलेत की!"

माझी चेष्टा चालवलीय दोघांनी, असं म्हणत मी भिंतीकडे तोंड करून बसले, सासूबाईंनाही शेजारी बसवलं. नवऱ्याला म्हटलं, तुम्ही चालू-बंद करा, ऐकू आलं की आम्ही हात वर करतो. बसले कान देऊन. बराच वेळ गेला तरी सुरुवात होईना, म्हणून वैतागून बाजूला पाहिलं. सासूबाईंचा हात वर होता. हिरवट सालं चिकटलेला, सुरकुतलेला हात. माझा मांडीवर.

"आणि आपल्या अंगणातले?" मी विचारलं.

"ते तर रोज ओरडतात," नवरा म्हणाला.

अरे देवा! कारखाने आले आणि रातकिडे मेले, असं मी चारचौघांत सांगत फिरतेय!

त्याहून मोठा धक्का म्हणजे नवऱ्याच्या तोंडावर नवल असं काही नव्हतंच. "प्रेसवर कान जातात गं, बारीक आवाज आधी," तो खाली बघत म्हणाला. "आमाला कधीचं कळलंय. पण तुजा जीव त्या आवाजांत. कुठल्या तोंडानं सांगायचं?"

माझं डोकंच फिरलं. माझे कान गेले आणि मला सोडून सगळ्या घराला ठाऊक! उद्यापासून काय घडवू मी, पट्ट्या बघून? रडू येत होतं, पण त्याआधी राग आला, आणि तो निघाला सासूबाईंवर.

"एवढं माहीत होतं तर दया नाही आली? उठताबसता खेकसता माझ्यावर! चहा घे म्हणायचं तेही ओरडून! माहेरी जाऊन रडलेय मी याच्यापायी."

सासूबाईंनी वालाचं ताट बाजूला सारलं आणि माझ्यासमोर सरकल्या.

"हळू बोलले तर तुला कळायचं नाय. नुसतीच हसून मान हलवायचीस. मला लय वाईट वाटायचं गं. म्हणून ओरडते. रोज घसा दुखतो माजा."

हेसुद्धा त्या ओरडूनच बोलल्या.