पेन्सिलच्या खाली

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर फोटो स्टुडिओ आहे. मालकाची मुलगी तिथे तीस वर्षं निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून गिऱ्हाइकांचे डाग, व्रण, सुरकुत्या झाकत आली. म्हणून सगळे तिला पेन्सिलच म्हणतात. हे काम वडिलांनी तिला बाराव्या वर्षी शिकवलं, ते आईच्या फोटोवर. गालावरचा काळानिळा डाग झाकायचा होता. तो कशाचा, हे दोघांनाही ठाऊक होतं. मग दरवर्षी आईचा फोटो निघे, आणि दरवर्षी पेन्सिलला काम असे.

आई गेली, मागोमाग वडीलही गेले. गेल्या वर्षी पाच मार्चला ती माझ्याकडे आली.

"काकू, आईच्या निगेटिव्हवरची पेन्सिल स्पिरिटच्या बोळ्याने पुसून पाहिली. खाली सगळं जसंच्या तसं आहे हो. मी काहीच घालवलं नव्हतं."

तिने आईचे अकरा फोटो नव्याने छापले. प्रत्येकाशेजारी स्वतःचा एक: अंगात वडिलांचा काळा कोट, बसायला त्यांचीच खुर्ची, ओठावर पेन्सिलने काढलेली मिशी. समोरचा शिंपी म्हणाला, "मिशी झकास! दाढीचं माप कधी घेऊ?" ती खळखळून हसली. जिन्यात मला मात्र हळूच म्हणाली, "कोट कुठेही आवळावा लागला नाही, काकू. त्याचीच भीती वाटते."

या फोटोंचं प्रदर्शन परवा, शनिवारी आहे. सोमवारी तिचा धाकटा भाऊ आला. आवाज जिन्यापर्यंत येत होता.

"मेलेल्या माणसाची अब्रू चव्हाट्यावर मांडतेस? तीही मिश्या काढून?"

"मी काही मांडत नाही. फक्त झाकायचं थांबवलंय."

"बघतोच मी," तो एकदम थंडपणे म्हणाला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

मंगळवारी तिने निगेटिव्हचा पत्र्याचा डबा माझ्याकडे आणून ठेवला. "छापलेले फाडले तरी पुन्हा काढीन. हा डबा गेला, तर आई पुन्हा गोरीगोमटी होईल. न्यायला मीच येईन, काकू. कुणाला पाठवणार नाही." तिच्या मनगटावर चार बोटं उमटली होती. औषध लाव म्हटलं, तर म्हणाली, "आधी फोटो."

आज सकाळपासून स्टुडिओचं शटर अर्धं खाली आहे. दोनदा फोन केला, उचलला नाही. चार वाजून दहा मिनिटांनी बेल वाजली. दाराच्या भिंगातून काळा कोट दिसला. तीच आली म्हणून मी कडीला हात घातला, आणि मग वर चेहरा दिसला.

"काकू, ताईने डबा मागितलाय." आवाज अगदी गोड. कोट त्यालाही नेमका बसला आहे.

मी कडीवरचा हात काढला आणि वरचा बोल्टही लावला. शिंप्याला फोन करून सांगितलं, आधी शटर वर कर, आत बघ, मग पोलिसांना बोलाव. चार बावीस झाले आहेत. शटरचा आवाज अजून आलेला नाही. डबा माझ्या मांडीवर आहे, आणि दाराबाहेर तो अजून उभा आहे.