रिव्हर्स न घेणारे अण्णा

कामाच्या ठिकाणी किस्से साचतातच, पण गाडीच्या वर्कशॉपमध्ये ते जरा जास्त साचतात. माणूस येतो गाडीचं दुखणं सांगायला आणि हळूहळू स्वतःच्या दुखण्यावर घसरतो. गाडी आत लिफ्टवर चढलेली असते, वेटिंग रूममध्ये गारवा असतो, चहा फुकट असतो आणि काउंटरवर मी असते. बोलणार नाही तर करणार काय!

मी अलका. माहेर चोपड्याचं, लग्न होऊन सुरतेत आले. सचिन नावाच्या औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका कोरियन कंपनीच्या गाड्यांचं शोरूम आणि वर्कशॉप आहे, तिथलं काउंटर मी सांभाळते. गाडी आली की तक्रार ऐकायची, गाडी गेली की दोन-चार दिवसांनी फोन करून 'समाधान झालं का' ते विचारायचं. कापडाच्या लूमवर नाहीतर बांधकामावर राबून ज्यानं पहिली गाडी घेतली, तो खानदेशातला असो की मराठवाड्यातला, दारातूनच विचारतो, "ती मराठी ताई आहे का?" नवरा गेल्यापासून आणि मुलगी नाशिकला दिल्यापासून मला असं शोधत येणारी ही एवढीच माणसं. त्यामुळे मी ऐकून घेते.

आमच्या गाडीबद्दल लोकांची मतं पक्की आहेत. दिसायला देखणी, खिशाला झेपणारी, आणि एसी म्हणजे बर्फाचा कारखाना. गावाकडचा पाहुणा मात्र यातलं काही विचारत नाही. तो विचारतो, "ॲव्हरेज काय देते?" एका गिऱ्हाइकाच्या चुलत्यानं त्याला हे वडिलांच्या तेराव्याला विचारलं. जेवणाची पंगत बसली होती, आणि हा पठ्ठ्या हायवेचं वेगळं, शहरातलं वेगळं असं सांगत बसला.

* * *

शोरूममध्ये नवी गाडी देताना एक सोहळा असतो. चाकाखाली लिंबू, बॉनेटवर हार, हातात पुठ्ठ्याची भली मोठी चावी आणि सगळ्या कुटुंबाचा फोटो. एकदा जालन्याकडचा एक जण एकटाच आला. सुभाष त्याचं नाव, भेस्तानला एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर काम करायचा. फोटोवाला म्हणाला, "फॅमिली को बुलाओ." सुभाष इकडेतिकडे बघायला लागला. मग आमचे मॅनेजर देसाईसाहेब, मेकॅनिक गजानन आणि मी, असे तिघं त्याची फॅमिली होऊन उभे राहिलो. ओवाळलंही मीच.

आठवड्यानं त्याचा फोन आला. आवाज पडलेला. "ताई, फोटो आईला पाठवला. आई विचारती, ती बाई कोण? न सांगता उरकलं का लग्न?"

माझ्या डोक्यावरचे पांढरे केस त्या माउलीला दिसले नाहीत. फोटोवाल्याचा कॅमेरा इतका चांगला असेल असं मला वाटलं नव्हतं!

याच सुभाषनं सीटवरचं प्लास्टिक काढू दिलं नाही. सुरतेचा उन्हाळा, अंग प्लास्टिकला चिकटायचं, गजानन प्रत्येक सर्व्हिसला म्हणायचा की भाऊ, काढू द्या. तो म्हणायचा, "आधी गावाकडं दाखवून येतो." दिवाळीला ऑर्डरीचा घोळ, सुट्टी नाही. संक्रांतीला मालकाच्या घरी लग्न, सुट्टी नाही. शेवटी उन्हाळ्यात गेला आणि परत आल्याबरोबर वर्कशॉपला येऊन म्हणाला, "काढा."

मी विचारलं, "आईला फिरवून आणलं ना?"

"बसली नाही. म्हणली, पाय मातीचे हायेत, पुढल्या खेपेला बसते. दार उघडून ठेवलं होतं मी, ती बाहेरूनच सीटवर हात फिरवत राहिली."

* * *

हल्लीच्या गाड्या फोनला जोडलेल्या असतात. आमच्या गिऱ्हाइकांपैकी रमणिककाकांना त्यांच्या कॅनडातल्या मुलानं तशीच एक घेऊन दिली. काका सुरतेतच पर्वत पाटियाजवळ एकटे राहतात. गाडीनं ठरवलेला वेग ओलांडला की तिकडे कॅनडात मुलाच्या फोनवर मेसेज जातो, आणि मुलगा घाबरून लगेच फोन करतो, "पप्पा, धीमे चलावो."

एका सोमवारी काका काउंटरवर येऊन उभे राहिले. चेहरा उतरलेला. "बेन, स्पीडवाळो मेसेज चालू छे ने?"

मी तपासून बघितलं. सगळं व्यवस्थित चालू होतं. तसं सांगितलं तर काका खुर्चीत बसून म्हणाले, "काल हायवेवर चार वेळा पळवली. फोन नाही आला."

मी त्यांना चहा दिला. दुसरं काय देणार? देसाईसाहेबांनी त्यांना वेगाबद्दल दोन शब्द सुनावले, ते काकांनी मान खाली घालून ऐकले. रागावणारं कोणीतरी मिळालं म्हणून त्यांना बरं वाटलं असावं, असा माझा अंदाज आहे.

* * *

पण आमच्या वर्कशॉपचं खरं गिऱ्हाईक म्हणजे वाघ अण्णा. मूळचे साक्रीकडचे. सचिनला लूमच्या कारखान्यात आयुष्य काढलं, आता निवृत्त. त्यांच्याकडे कंपनीची जुनी लहान गाडी, सगळ्यात स्वस्त मॉडेल. बायको वारलेली, एकुलता एक मुलगा नितीन बंगळूरला. भेस्तानला घरात अण्णा एकटे.

अण्णांच्या गाडीला कायम आवाज येतो. कधी डाव्या चाकातून, कधी डॅशबोर्डच्या आतून. गजानन चक्कर मारून यायचा, काहीच सापडायचं नाही. आता गंमत अशी, की आयुष्यभर लूमच्या खडखडाटात उभं राहून अण्णांचे कान गेलेले. त्यांच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. गजानन वाशीमचा, तोंडाचा फटकळ. तो एकदा म्हणालाच, "अण्णा, तुमाले म्या बोललेलं ऐकू येत नाही, मंग गाडीचा आवाज कसा येते?"

अण्णा शांतपणे अहिराणीत म्हणाले, "तुनं ऐकीसन माले काय करनं शे?"

आवाज शोधायला दुपार लागायची. तोवर अण्णा वेटिंग रूममध्ये बसायचे, मला चोपड्याच्या बाजाराचे भाव विचारायचे, जे मला गेली कित्येक वर्षं माहीत नाहीत. मी ठोकून द्यायचे. त्यांना तेवढं पुरायचं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

* * *

अण्णांची एक भानगड आम्हाला फार उशिरा कळली. ते गाडी रिव्हर्स घेत नाहीत. घ्यायचंच नाही. आमच्याकडे आत यायचं गेट वेगळं आणि जायचं वेगळं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. घरी सोसायटीत गाडी मागे घेऊनच लावावी लागते, म्हणून ते ती बाहेर मंदिरापाशी रस्त्यावर सोडायचे. वळायचं असेल तर सरळ पुढे जात राहायचे, मोठा चौक येईपर्यंत.

कारण साधं होतं. स्वस्त मॉडेल, मागे कॅमेरा नाही. गाडी घेतल्यापासून त्यांची बायको खाली उतरून मागे उभी राहायची आणि ओरडून सांगायची. तिचा आवाज म्हणे असा, की भेस्तानची गल्ली गोळा व्हावी. अण्णांच्या कानात शिरणारा तो एकच आवाज. ती गेली आणि गाडीचं मागे जाणं बंद झालं.

मी म्हटलं, सेन्सर बसवून घ्या, मागे काही आलं की वाजतो. बसवला. दुसऱ्या दिवशी काढायला घेऊन आले. "ताई, ते नुसतं टूं टूं करस. पुरं बोलत नही."

* * *

मग ती पर्वत पाटियाची दुपार आली. एका नातेवाइकाच्या लग्नासाठी साड्या बघायला म्हणून अण्णा मार्केटकडे गेले आणि एका बोळात शिरले. पुढे साड्यांच्या गठ्ठ्यांनी भरलेला टेम्पो, तो काही हलेना. मागे मोकळा रस्ता. कुणीही मागे घेऊन निघून गेलं असतं. अण्णांनी काचा वर केल्या, एसी लावला आणि बसून राहिले.

हमाल आले, म्हणाले, आम्ही काढून देतो. अण्णांनी गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायला साफ नकार दिला. थोड्या वेळानं मागेही हातगाड्या लागल्या आणि लोक शिव्या द्यायला लागले. शेवटी अण्णांनी मला फोन केला. मी गजाननला मोटरसायकलवर पाठवलं. तो पोचला तेव्हा बाहेर भांडण पेटलेलं आणि आत अण्णा झोपलेले.

"बेक्कार एसी हाय ताई त्या गाडीचा," गजानन परत येऊन म्हणाला. "लोकं काच वाजवून ऱ्हायले, अन् बुढा घोरून ऱ्हायला!"

आम्ही पोट धरून हसलो. पण तिथल्या कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला होता. तो फिरत फिरत बंगळूरला नितीनपर्यंत पोचला, आणि तो विमानानं आला.

* * *

नितीन वाईट मुलगा नाही. शांत बोलणारा, इंग्रजी वळणाचा. वडिलांशी हिंदीत बोलायचा, आमच्याशीही. तो काउंटरवर आला आणि म्हणाला, गाडी विकायची आहे, किंमत काय येईल ते सांगा. अण्णा मागे उभे. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घातली.

मला माहीत होतं त्यात काय जाणार होतं. त्या गाडीवाचून अण्णांना घरातून निघायला कारण नव्हतं. आवाज शोधायला येणं बंद, चोपड्याचे भाव बंद. चार भिंती आणि टीव्ही. बंगळूरला चला म्हटलं तर ते कधीच तयार झाले नव्हते, "तठे मी कोणासंगे बोलू?" एवढंच म्हणायचे.

मी हिंमत करून नितीनला म्हटलं, "तब्येत ठणठणीत आहे त्यांची. पुढे उत्तम चालवतात."

"पुढे सगळेच चालवतात," तो त्याच्या हिंदीतच म्हणाला. मग त्यानं वर्कशॉपच्या मागच्या मोकळ्या जागेकडे बोट केलं. "त्या खांबापर्यंत रिव्हर्स घेऊन दाखवा, अण्णा. जमलं तर मी विषय काढणार नाही. नाही जमलं तर चावी मला द्या."

अण्णांना ते ओरडून सांगावं लागलं. ऐकून ते जाऊन गाडीत बसले. हातातली कामं टाकून सगळे बाहेर आले. देसाईसाहेबही आले.

मी मागे जाऊन उभी राहिले. जमेल तेवढं ओरडले, "येऊ द्या, येऊ द्या." गाडी हातभर मागे आली आणि थांबली. अण्णांनी खिडकीतून हात बाहेर काढून मला सरकायची खूण केली.

मग गजानन गेला. ट्रकच्या क्लीनरसारखा गाडीच्या अंगावर थापा मारत ओरडायला लागला. गाडी वाकडी झाली, एका पिंपाला घासता घासता राहिली आणि थांबली. अण्णांनी इंजिन बंद केलं. दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून समोर बघत बसून राहिले.

देसाईसाहेब हळूच म्हणाले, "जाने दो, काका को उतारो." मला रडू आलं आणि ते लपवायला जागाही नव्हती.

नितीननं मोबाइल खिशात घातला. तो चालत गाडीच्या मागे गेला, पाय फाकवून उभा राहिला, आणि या शांत बोलणाऱ्या माणसानं असा काही आवाज लावला की वॉशिंगवाल्या पोरांनी पाइप खाली टाकले.

"आखो या! आखो या! जेवना हात मारा... आखो या, आखो या, काय भ्यातस, मी शे ना मांगे!"

आखो म्हणजे आणखी. जेवना म्हणजे उजवा. हे बोल मी लहानपणी शेजारच्या बायकांच्या तोंडी ऐकले होते, आणि ढबही बाईचीच होती ती. शब्द लांबवण्याची तऱ्हा, मधेच चिडणं, सगळं बाईचं.

इंजिन सुरू झालं. गाडी सरळ झाली आणि मागे येत गेली, न थांबता, थेट खांबाजवळ.

"बस!" नितीन ओरडला. गाडी जागच्या जागी उभी राहिली.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नितीन घामाघूम झाला होता. तो पुढे आला, गाडीचं दार उघडलं आणि हिंदीत म्हणाला, "रख लो गाडी, अण्णा. मैं कुछ नहीं बोलूँगा."

अण्णा खाली उतरले. त्यांनी खांबाकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. मग चावी नितीनच्या हातात ठेवली, गाडीला वळसा घालून डावीकडे गेले, दार उघडून तिथल्या सीटवर बसले आणि पट्टा लावला.

काच खाली करून ते मुलाला म्हणाले, "एकदम तुनी मायगत बोंबलस रे. चाल, बस."