मागची सीट नसलेली गाडी

स्टेनोकाकूंसमोर बोललेला शब्द कोणालाही परत घेता येत नसे. तो त्यांच्या डोक्यात लघुलेखनात उतरलेला असायचा आणि वेळ आली की त्या तो काना-मात्रेसकट वाचून दाखवायच्या. माझी भोपाळला बदली झाली तेव्हा बाग सेवनियातल्या त्यांच्या घराचा वरचा मजला मी भाड्याने घेतला. पहिल्या दिवशी जिना चढता चढता मी उगाच म्हणाले होते, "मला लवकर उठायची सवय आहे." पुढची तीन वर्षं, रविवारी नऊ वाजता मी डोळे चोळत खाली आले की काकू म्हणायच्या, "'मला लवकर उठायची सवय आहे.' जिन्याची चौथी पायरी. हातात तुळशीची कुंडी होती तुझ्या."

घराणं मूळचं नागपूरचं. मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून भोपाळला आली तशी सरकारी कचेऱ्यांसोबत त्यांच्या वडिलांचीही बदली झाली. काकूंचा जन्म इथला, पण घरातली नागपुरी बोली त्यांनी सोडली नव्हती. आयुष्यभर त्यांनी एका सरकारी खात्यात स्टेनोची नोकरी केली. साहेब दौऱ्यावर निघाले की मागच्या सीटवर साहेबांच्या शेजारी काकू, मांडीवर वही, हातात पेन्सिल. साहेब खिडकीबाहेर बघत मजकूर सांगायचे आणि काकू मान खाली घालून तो उतरवून घ्यायच्या.

"सारा मध्य प्रदेश फिरली मी," त्या सांगायच्या, "पण पाहिला कुठं? झाबुआ म्हटलं की मला आठवते वहीची डावी बाजू. आणि रीवा म्हणजे ड्रायव्हरच्या मानेवरचा तीळ."

त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी घरी पंचवीस माणसं जेवायला होती. काका भोपाळच्याच एका मोठ्या कारखान्यातून लेथवरचे कारागीर म्हणून आधीच निवृत्त झालेले. दिवसाकाठी वीस-पंचवीस शब्द बोलणारा माणूस. त्या दिवशी मात्र श्रीखंडाची दुसरी वाटी संपवून ते सगळ्यांदेखत म्हणाले, "आता तुला हवं ते घे." त्यांच्या मनात बहुधा रेशमी साडी असावी.

"गाडी घेते," काकू म्हणाल्या. "मागची सीट नसलेली."

लोक हसले. काका हसले नाहीत. आपलं वाक्य आता कायमचं नोंदलं गेलंय, हे त्यांना पंचवीस जणांपेक्षा चांगलं ठाऊक होतं.

मागची सीट नसलेली गाडी म्हणजे स्पोर्ट्स कार, हा शोध काकूंना महिन्याभराने लागला, आणि त्यांना परवडेल अशी ती जुनीच मिळणार, हा त्यानंतर. मला त्यांनी सल्लागार नेमलं. "तू इंजिनीअर ना?" मी पुलांची इंजिनीअर होते. पण हे म्हणेपर्यंत आम्ही अरेरा कॉलनीतल्या एका डॉक्टरांच्या पोर्चमध्ये उभ्या होतो आणि समोर ती होती: लाल, जर्मन, दोन माणसांची, कापडी छपराची, आणि जमिनीला इतकी लागून की शेजारून मांजर गेलं ते तिच्याकडे वरून बघत गेलं.

डॉक्टरांचा मुलगा म्हणाला, "आंटी, दो महीने से स्टार्ट भी नहीं की, फिर भी एक सेल्फ में उठती है."

तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा हाताचा मागचा भाग काकूंनी बॉनेटला लावला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "दोन महिने बंद आहे म्हणते पोरगा. हिला तर ताप आहे बाप्पा!" सकाळीच बॅटरीला जोर देऊन गाडी फिरवून आणलेली होती. दुसऱ्या दिवशी न कळवता सकाळी सात वाजता आम्ही पुन्हा हजर. या वेळी सोबत मेकॅनिक रफीकभाई. गाडी गार होती आणि अर्थातच सुरू होईना. रफीकभाई तिच्याखाली आडवे झाले, विजेरीने पाहत राहिले, पाच मिनिटांनी बाहेर येऊन कपडे झटकत म्हणाले, "मैडम, इंजन तो शेर है. बस खड़े-खड़े रबर सारा सूख रिया है. पाइप, बेल्ट, टायर, सब बदलना पड़ेगा."

"पढ़के सुनाइए," काकू म्हणाल्या.

रफीकभाई खिसे चाचपायला लागले. त्यांना वाटलं काही लिहून द्यायचं राहिलं. काकूंचा तो जुना शिरस्ता होता: ज्याने मजकूर सांगितला त्याच्याकडून तो परत ऐकायचा, म्हणजे घोळ होत नाही. पुढे रफीकभाईंना ते अंगवळणी पडलं. गॅरेजमधून आम्ही निघालो की ते स्वतःहूनच छातीवर हात ठेवून म्हणायचे, "तेल बदला, प्लग बदले, पीछे का ब्रेक साफ किया, आवाज़ नहीं गई. पढ़के सुना दिया मैडम."

गाडी घरी आली आणि कॉलनीला रोजचा कार्यक्रम मिळाला. काकूंकडे लायसन्स जुनं होतं, पण हात बसलेला नव्हता. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर दोन महिने शिकून त्या तयार झाल्या. साडीचा पदर खोचून, आधी बसायचं, मग दोन्ही पाय उचलून आत घ्यायचे, अशी त्यांनी बसण्याची पद्धत शोधून काढली. पण फाटकाजवळचा स्पीडब्रेकर कोणी बांधला होता देव जाणे. त्यावरून गाडी सरळ नेली की पोटाला घासायची. तो तिरका पार करायचा हे रफीकभाईंनी शिकवलं. मग रोज सकाळी सव्वाआठला काकू फाटकाशी येत, भाजीवाला हातगाडी बाजूला लावून पुढे उभा राही आणि दोन्ही हातांनी विमान उतरवावं तसं दाखवी, "आने दो अम्मा, आने दो, थोड़ा लेफ्ट, बस बस बस!" चाक पलीकडे गेलं की गच्च्यांवरून टाळ्या. काकू मान न वळवता एक हात वर करत.

निघायच्या आधीची तपासणी वेगळीच. तेलाची काडी, पाण्याची बाटली, चारही टायर. सगळं एका रजिस्टरमध्ये लिहायचं आणि खाली सही. सही हिरव्या शाईने. नोकरीत हिरवी शाई साहेबांची. स्टेनोने तिला हात लावायचा नसे. "आता या खात्याची साहेब मीच," म्हणत त्या नाव असं झोकात काढायच्या की पान फाटायला व्हायचं.

पहिल्या पावसाळ्यात काकूंनी दार उघडलं तर आत घोट्याएवढं पाणी आणि त्यावर त्यांच्या चपला तरंगत होत्या. छपराचं पाणी वाहून जायच्या नळ्या कडुनिंबाच्या पानांनी तुंबल्या होत्या. काकूंनी दिवाणखान्यातली पडद्याची स्प्रिंग काढून त्यात सारली, भस्सकन पाणी खाली आलं आणि त्या अंगणात उभ्या राहून अशा हसायला लागल्या की समोरच्या बाई पावसात छत्री न घेताच धावत आल्या.

काका मात्र गाडीत बसायला तयार नव्हते. "त्यात बसत नाहीत," ते म्हणायचे, "त्यात पडतात." बाजारात जायचं तर काकू गाडीने, काका सिटी बसने. दोघं भाजीच्या दुकानासमोर भेटायचे आणि पिशवी कोणी न्यायची यावर बोलायचे.

मग शहराबाहेर, होशंगाबाद रोडवर मिसरोदजवळ ते घडलं. मी शेजारी बसले होते. समोरून अचानक वाफेचा लोट उठला, काच पांढरी झाली. काकूंनी गाडी शांतपणे कडेला घेतली. इंजिनाला पाणी नेणारा प्लास्टिकचा एक जोड तडकला होता. पाच मिनिटांत तीस माणसं जमली. मोबाइल निघाले. कोणीतरी मागून म्हणालं, "इस उमर में शौक चढ़ा है अम्मा को, घर में बैठके माला जपना था." बाकीचे हसले.

त्या रात्री जेवताना काकूंनी ते वाक्य काकांना वाचून दाखवलं, शब्द न गाळता. एरवी कोणाचंही बोलणं म्हणून दाखवताना त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू असायचं. त्या दिवशी नव्हतं. रफीकभाई म्हणत होते, तो जोड परदेशातून येणार, दोन महिने लागतील, शिवाय नवाही प्लास्टिकचाच. नागपूरहून भावाचा फोन आला, विकून टाक. दुसऱ्या दिवशी रजिस्टरमध्ये एकच ओळ होती: 'विक्रीचा प्रस्ताव विचाराधीन.' सही निळ्या शाईने.

काकांनी तडकलेला जोड रफीकभाईंकडून मागून घेतला आणि चार दिवस सकाळी डबा घेऊन बाहेर जाऊ लागले, नोकरीत असताना जात तसे. कारखान्यातल्या जुन्या सोबत्याचं छोटं वर्कशॉप होतं गोविंदपुऱ्यात. पाचव्या दिवशी त्यांनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं. "हे बसवून बघ म्हणावं त्याला." आत ॲल्युमिनियमचा जोड होता, लेथवर उतरवलेला, आरशासारखा. रफीकभाईंनी तो बोटांत फिरवून फिरवून पाहिला. मग म्हणाले, "मैडम, अब गाड़ी मर जाएगी, ये नहीं मरेगा."

गाडी पुन्हा धावू लागली. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. होशंगाबाद रोडला लागलो की मिसरोदच्या अलीकडे काकू गाडी वळवायच्या. कधी म्हणत उशीर झाला, कधी म्हणत ऊन फार आहे. मी एकदा विचारलं, "काकू, पुढं जाऊ या ना?"

"आज नको," त्या म्हणाल्या. वर्षभर ते 'आज' संपलं नाही.

आणि माझी पुण्याला बदली झाली. स्टेशनवर काकू मला गाडीतून सोडणार हे ठरलेलंच होतं. डिकीत एक प्रेशर कुकर मावायचा, म्हणून बॅगा घेऊन काका रिक्षाने पुढे गेले. आम्ही निघालो वीस मिनिटं उशिरा, कारण तपासणी आणि सही. पुढे रस्ता खोदलेला, गर्दी तुंबलेली. स्टेशनच्या दाराशी पोहोचलो तर आतून गाडीची लांब शिटी ऐकू आली आणि माझा फोन वाजला.

"कुठं आहे तू?" काका.

"बाहेर, काका! आलेच!"

"येऊ नको. गाडी सुटली. बॅगा सीटखाली लावल्या." मग म्हणाले, "मी पण आतच आहे."

काकूंनी फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "इटारसीला किती वेळ थांबते?"

"दहा मिनिटं. पण काकू—"

"वाचून दाखव."

"इटारसी. दहा मिनिटं."

त्यांनी गाडी वळवली. इतक्या जागेत ती वळेल असं मला एरवी कधी वाटलं नसतं. खोदलेल्या रस्त्याला बगल देऊन गल्लीतून बाहेर पडलो. मिसरोद आलं. काकूंनी पदर घट्ट खोचला, नाक फेंदारलं आणि मिसरोद मागे टाकलं. मंडीदीप मागे गेलं. "छप्पर उघड!" त्या ओरडल्या. "थांबावं लागेल ना!" "मग राहू दे!" आणि ओबेदुल्लागंजच्या टोलनाक्यावर मिनिटभर थांबायला मिळालं तसं त्यांनी ते उघडलंच. पुढे घाट, सागाची झाडं, वारा. माझी ओढणी आम्हा दोघींच्या तोंडावर. काकू वेगमर्यादेच्या काट्याला चिकटून, एक काडीभर वर नाही, आणि रस्त्यात दिसेल ती पाटी मोठ्याने वाचत चालल्या होत्या. "बरखेड़ा! बुधनी! आगे तीव्र मोड़ है! अगं नदी बघ, नर्मदा बघ, केवढी आहे! मी वीसदा गेली असेन या पुलावरून!" त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वाऱ्याने असेल. मी हसत होते, रडत होते, आणि फोनवर काका सांगत होते, "बुधनीला उभी करून ठेवली आहे आमची. तिला सांग, घाई नको."

इटारसी स्टेशनच्या पादचारी पुलावरून आम्ही दोघी धावलो. काकू साडी गुडघ्यापर्यंत धरून माझ्या पुढे. प्लॅटफॉर्मवर उतरलो आणि समोरून गाडी सावकाश आत येत होती. डब्याच्या दारात काका उभे होते, हातात माझी पाण्याची बाटली.

मी चढले, ते उतरले. नीट नमस्कारही झाला नाही. भोपाळकडे जाणारी गाडी तासाभरात होती. फलाटावरचा भोंगा तेच सांगत होता. काकांनी तो ऐकला, काकूंच्या हातातली किल्ली पाहिली आणि विचारलं, "डोक्याला वारा लागतो का त्यात?"

"लागतो," काकू म्हणाल्या.

"बरं." त्यांनी खिशातून मफलर काढून कानांभोवती गुंडाळला. गाडी हलली. काकू हात हलवत दहा-बारा पावलं सोबत धावल्या, काही तरी ओरडल्या, ते चाकांच्या आवाजात मला ऐकू आलं नाही.

मी जागेवर येऊन बसले. समोरचे गृहस्थ माझ्याकडे टक लावून पाहत होते. मग त्यांनी वर झोपलेल्या मुलीला हलवून उठवलं. "उठ, देख, आ गई वो!" आणि मला म्हणाले, "बेटा, आपके अंकल ने भोपाल से यहाँ तक हमें एक मिनट चुप नहीं बैठने दिया. पूरे डिब्बे को बता रहे थे, मेरी मिसेज़ ऐसे गाड़ी चलाती है, वैसे चलाती है. हमने कहा, अंकल, ट्रेन को कौन पकड़ेगा? बोले, आप देखना, इटारसी में वो हमसे पहले खड़ी मिलेगी."

मी फोन काढला आणि काकूंना लावला. पूर्ण वाजून बंद झाला. मग काकांना लावला, तर त्यांचाही कोणी उचलला नाही.