नाकाडी डॉक्टरीण

आमच्या अड्यारच्या हॉस्पिटलात मी डॉक्टर म्हणून नर्सेसना फ्लूची लस घ्या म्हणून दरवर्षी कानीकपाळी ओरडायचे. कुणी फिरकत नसे. मग लसीवर कार्टून फिल्म करायला एक दाढीवाला आला. कँटीनमध्ये बसून फिल्टर कॉफी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत तो नुसता आमच्याकडे बघत राही. त्याच्या फिल्ममध्ये एक नाकाडी डॉक्टरीण भाषण ठोकत शिंकणाऱ्या नर्सेसच्या मागे सुई घेऊन धावते. ती फिल्म बघून सगळा स्टाफ हसत हसत रांगेत उभा राहिला. माझा नुसता जळफळाट झाला.

"एवढं काय केलंत हो तुम्ही?" मी त्याला विचारलं.

"काही नाही मॅडम. वाक्यं तुमचीच आहेत. मी फक्त नाक मोठं केलं."

आता नर्सेस माझ्या नाकाकडे बघून हसतात, बाही वर करतात आणि मलाच विचारतात, "मॅडम, ते कार्टूनवाले परत कधी येणार?"