कागदावरचं वर्ष

"तीच ती पोर, पुस्तकवाली," गॅरेजच्या दाराशी बाकावर बसलेला एक जीपवाला शेजारच्याला म्हणाला. "तिनीच मिस्तरीले चोर बनाडं."

मी ऐकूच आलं नाही असं दाखवलं. ते मला चांगलं जमतं. पप्पा मागे उभ्या केलेल्या गाडीतून पान्यांची जड पेटी उतरवत होते. तळोद्याच्या त्या गॅरेजात पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे बारीक दांडे उतरले होते आणि त्यांत धूळ हळूहळू वर-खाली होत होती. त्या उजेडामागे मिस्तरी एका चाकापाशी बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

पेटी त्यांची होती. गेले दोन महिने ती आमच्या गावी, प्रकाशाला, खळ्यातल्या शेडमध्ये होती. तिथेच आजोबांची जीप उभी आहे. आजोबा गेल्यावर ती बरीच वर्षं पडून होती; कोंबड्या मागच्या सीटवर अंडी घालायच्या. यंदा पप्पांनी मनावर घेतलं. ती कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती, अगदी तशी करायची. नवा पत्रा नाही, दुसऱ्या गाडीचा दिवा नाही, सगळं तिच्या काळाचं. त्यासाठी मिस्तरी रोज सकाळच्या बसने तळोद्याहून यायचे. आजोबांच्या वेळेपासून त्या जीपचं बॉनेट त्यांच्याशिवाय कोणी उघडलेलं नव्हतं.

आणि मी होते. कॉलेज संपलं होतं, नोकरी लागली नव्हती. माझं सगळं शिक्षण इंग्रजी शाळेत झालेलं, त्यामुळे जीपचं इंग्रजी पुस्तक माझ्याकडे आलं. आरसी बुकात जे वर्ष होतं, त्या वर्षाचं पुस्तक मी इंटरनेटवर शोधलं आणि शहाद्याला छापून बांधून आणलं.

त्या पुस्तकातली चित्रं मला फार आवडायची. चित्रात जीपचा प्रत्येक भाग सुटा होऊन हवेत थांबलेला असायचा. नट, वायसर, स्प्रिंग, झाकण, एकामागे एक, जणू कोणीतरी जीपला म्हटलं होतं की श्वास रोखून धर. दुपारी शेडमध्ये जुन्या चादरीवर खरे भाग मांडलेले असायचे. मी चित्रात बघायचे, मग चादरीवर बघायचे. रॉकेलचा वास, तापलेला पत्रा, लांब सातपुड्याची निळसर रेघ. कधी कधी मला वाटायचं की चादरीवरचे भागही आता हळूच वर उचलले जातील.

मिस्तरी माझी चेष्टा करायचे. "पुस्तकले इचार माय, हाऊ बोल्ट मन्हा शे का कंपनीना शे?" बोल्ट त्यांचा की कंपनीचा, ते मी पान उलटून नुसतं बोटाने दाखवायचे. मला अहिराणी सगळी कळते. बोलायला गेलं की जिभेवर पाहुण्यासारखी बसते, म्हणून मी बोलत नाही.

त्यांची एक पद्धत होती. उघडलेल्या प्रत्येक भागावर, आतल्या बाजूला, ते पंचाच्या टोकदार खिळ्याने दोन बारीक ठिपके मारायचे. गॅरेजात डोंगरात जाणाऱ्या चार-चार जीपा एकदम उघड्या पडलेल्या असतात. हिचा भाग तिला जाऊ नये, म्हणून प्रत्येकीची खूण वेगळी; आमच्या जीपची दोन ठिपके.

कार्बोरेटर साफ करून चादरीवर ठेवला, त्या दिवशी मी पुस्तकातलं चित्र बराच वेळ बघितलं. चित्रातला उंच होता. त्याचं तोंडही वेगळं होतं. मी हळूच म्हणाले, "पप्पा, हा वेगळा आहे."

एवढंच म्हणाले. पप्पांनी तो उलटा केला आणि त्यांना दोन ठिपके दिसले.

"मिस्तरी, खूण तर तुमची आहे. मग मूळचा कुठे गेला?"

"हाऊच शे भाऊ. पह्यलापासून हाऊच."

"पुस्तकात दुसरा आहे. पुस्तक खोटं बोलेल का?"

मिस्तरींनी पप्पांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तकात पाहिलं. त्यांनी चिंधीला हात पुसले, खिळ्यावरचा सदरा घातला. आई चहा घेऊन आली तेव्हा ते फाटकाबाहेर पोचले होते.

त्यानंतर ते आलेच नाहीत. पप्पा मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले, "चांगला माल काढून विकला आणि दुसरा ठोकून दिला. आमच्या पोरीनं पकडलं!" घरात माझं म्हणणं कोणी असं पुढे करत नाही. खोटं कशाला बोलू, मला ते ऐकायला बरं वाटायचं.

चार दिवसांनी मी एकटीच शेडमध्ये गेले. डॅशबोर्डच्या कप्प्याचं झाकण खरवडत बसले. वर पांढरा रंग, त्याखाली निळा, त्याखाली लष्करी हिरवा. हिरव्याखाली ब्लेडला काहीतरी वेगळं लागलं. रॉकेलचा बोळा फिरवत गेले तशी पितळेची एक पट्टी उजळत वर आली. तिच्यावर गाडी कारखान्यातून दिल्याची तारीख ठोकलेली होती. आरसी बुकातल्या वर्षाच्या आठ वर्षं आधीची.

मी आईला विचारलं. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "अगं, लष्कराच्या लिलावातली ना ती? आजोबांनी आणली तेव्हाच जुनी होती."

लिलावाचं घरात सगळ्यांना माहीत होतं. कागदावर होतं ते लिलावानंतर आजोबांच्या नावावर नंबर मिळाल्याचं वर्ष. गाडीचं जन्मवर्ष ते नव्हतंच, आणि आमच्यापैकी कोणालाही, मला तर नाहीच, हे सुचलं नव्हतं. मी फोनवर आठ वर्षं आधीचं पुस्तक शोधलं. पान उघडलं. बुटका, रुंद तोंडाचा कार्बोरेटर हवेत शांत थांबला होता. चादरीवरचाच तो.

दोन दिवस मी कोणाला काही सांगितलं नाही. पप्पांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, बरं झालं, आपला मूळचाच निघाला. आणि तेवढ्यावर विषय मिटला असता. तळोद्याला, गॅरेजसमोरच्या जीप-स्टँडवर मात्र मिस्तरी चोरच राहिले असते. मला हे दिसत होतं, तरी मी गप्प होते. स्वप्नात ओरडायचं असतं आणि आवाज निघत नाही, तसे ते दोन दिवस गेले.

मग बसच्या ड्रायव्हरकडून निरोप आला. मिस्तरींनी कळवलं होतं, "मन्हा पाना धाडी द्या." पप्पा निघाले, तशी मी न विचारताच गाडीत बसले.

पप्पांनी पेटी मिस्तरींपुढे ठेवली. "घ्या. सगळं आहे बघून घ्या."

मिस्तरींनी झाकण उघडून बंद केलं. "शे."

बाकावरचे दोघे बघत होते. शेजारच्या टपरीवरचा चहावाला पेले विसळायचा थांबला. पप्पा वळले. मीही वळणार होते, पाय तसे निघालेही होते. मग मी तिथेच थांबून काहीतरी म्हणाले, पण त्याच वेळी दारात डोंगराकडे जाणारी जीप सुरू झाली आणि "धडगाव, धडगाव!" अशी हाक सुरू झाली. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

मिस्तरींनी मात्र माझे ओठ हललेले पाहिले होते. ते उठून उन्हाच्या दांड्यांमधून पुढे आले.

"काय म्हनस, माय?"

पप्पा माझ्याकडे बघत होते. बाकावरचे दोघेही. मी फोनवरचं ते पान उघडून मिस्तरींपुढे धरलं आणि जीपच्या आवाजावरून, स्टँडपर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "कार्बोरेटर मूळचाच शे, काका. मी चुकीच्या वर्षाचं पुस्तक धरलं होतं. चुकी मन्ही शे, तुमनी नही."